एकाच घरातली दोन माणसं, एकच जंत: हत्तीरोग आणि मदतनीस टी-पेशी

धानपाखरू

माझ्या आजीचा उजवा पाय गुडघ्याखाली खांबासारखा होता. भंडारा जिल्ह्यातलं धानाचं गाव. नऊवारीचा काठ ती घोट्याच्या खाली सोडून बसायची, पाहुणे आले की पाय पोत्याखाली सरकवायची. पावसाळ्यात दोन-तीनदा तरी हुडहुडी भरून ताप यायचा, पाय लालबुंद व्हायचा, जांघेत गाठ यायची. आजोबा मात्र ठणठणीत. त्याच घरात झोपले, तेच डास चावले.

एकदा रात्री रक्त तपासायला आरोग्य खात्याचे लोक आले. आजोबांच्या रक्तात हत्तीरोगाचे जंतू निघाले आणि आजीच्या रक्तात एकही नाही. आई सांगते, काचपट्ट्यांची अदलाबदल झाली असणार असंच सगळ्यांनी धरलं. आजोबांनी गोळ्या घेतल्या नाहीत, "मले का झालं?" म्हणाले.

अदलाबदल झालेली नव्हती. हत्तीरोगात हे असंच दिसतं, आणि याचं कारण जंतापेक्षा जास्त आपल्या रक्तातल्या मदतनीस टी-पेशींमध्ये आहे. मी याच विषयात शिकले आणि शिकवते. त्या रात्रीचं उत्तर आजीला देता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी जंताबद्दल. आपल्याकडे हत्तीरोग होतो तो मुख्यतः वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या कृमीमुळे. मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब, दोऱ्याएवढी बारीक. नर-मादी लसिकावाहिन्यांत राहतात, म्हणजे पेशींभोवतीचं पाणी गोळा करून परत रक्तात सोडणाऱ्या नळ्यांत. तिथे ते सहा ते आठ वर्षं जगतात आणि मादी हजारोंनी पिल्लं रक्तात सोडत राहते. ही पिल्लं म्हणजे मायक्रोफायलेरिया. गटाराच्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास ती उचलतो आणि पुढच्या माणसाकडे नेतो.

आता मदतनीस टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतला एक प्रकार. या स्वतः जंतू मारत नाहीत. बांधकामावरचा मुकादम जसा स्वतः घमेलं उचलत नाही, पण कुठली टोळी कुठे लावायची हे तोच ठरवतो, तसं यांचं काम. १९८६ साली टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी उंदरांच्या पेशींवर दाखवलं की हे मुकादम किमान दोन जातींचे असतात. एक जात इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारं प्रथिन सोडते, तिला टीएच-१ म्हणतात. दुसरी आयएल-४ हे वेगळं संदेश-प्रथिन सोडते, ती टीएच-२. पहिलीच्या हुकमाने मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी आपल्या पोटातले जंतू जाळायला शिकतात. दुसरीच्या हुकमाने आयजीई प्रतिपिंडं बनतात, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात, आतड्यात चिकट स्राव सुटतो.

हे नुसतं वर्गीकरण नाही, यावर जीव अवलंबून असतो हे लिशमानिया या परजीवीने दाखवलं. तो मॅक्रोफेजच्या आतच राहतो. काळ्या सी-५७ जातीच्या उंदराच्या तळपायात लिशमानिया मेजर टोचला, तर पाय सुजतो आणि काही आठवड्यांत बरा होतो. पांढऱ्या बॅल्ब-सी जातीच्या उंदराला तोच परजीवी तेवढ्याच मात्रेत टोचला, तर सूज वाढतच जाते, परजीवी अंगभर पसरतो आणि उंदीर मरतो. १९८९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने दाखवलं की काळा उंदीर इंटरफेरॉन-गॅमा बनवतो आणि पांढरा आयएल-४. पुढे पांढऱ्या उंदराला सुरुवातीलाच आयएल-४ अडवणारं प्रतिपिंड दिलं, तर तोही बरा होऊ लागला.

पांढऱ्या उंदरात प्रतिकार कमी नव्हता, भरपूर होता, पण चुकीच्या टोळीचा होता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजीचा पाय आठवला होता.

निंबोणी

ताई, वाचता वाचता मन भरून आलं. माझ्या सासूबाईंनाही होता.

एक विचारते. टोळी कुठली लावायची हे मुकादमाला कोण सांगतं? उंदरात जात वेगळी होती. तुमचे आजी-आजोबा तर एकाच गावचे.

धानपाखरू

निंबोणी, मुकादम जन्मतः कोरा असतो. डेंड्रिटिक पेशी नावाच्या पहारेकऱ्या जंताचा तुकडा घेऊन लसिकाग्रंथीत येतात आणि त्याला दाखवतात. दाखवताना सोबत एक रासायनिक संदेश असतो. आयएल-१२ असेल तर पेशी टीएच-१ कडे वळते, आजूबाजूला आयएल-४ असेल तर टीएच-२ कडे. पुढे आणखी दोन वाटा सापडल्या. टीएच-१७, जी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बोलावते आणि दाह पेटवते. आणि नियामक टी-पेशी, जी आयएल-१० सोडून सगळ्यांना "पुरे" म्हणते.

जंत ही शेवटची वाट ओळखून आहे. तो स्वतः असे पदार्थ सोडतो की "पुरे" म्हणणाऱ्या पेशी वाढाव्यात. वर्षानुवर्षं नळीत राहायचं तर मालकाशी भांडण नको, एवढं त्याला पक्कं कळतं.

तर आजोबा. रक्तात मायक्रोफायलेरिया असलेल्या माणसाच्या टी-पेशी काढून त्यांना फायलेरियाचं, म्हणजे या जंताचं, प्रथिन दाखवलं, तर त्या जवळपास गप्प बसतात. क्षयाचं प्रथिन दाखवा, त्या बोलतात. फायलेरियापुरतंच मौन. आयएल-१० अडवलं की ते बऱ्याच अंशी सुटतं. अशा माणसाच्या रक्तात आयजीजी-४ हे सौम्य प्रतिपिंड खूप असतं आणि ते आयजीईला काम करू देत नाही.

आजी. चेन्नईच्या क्षयरोग संशोधन संस्थेत अमेरिकन शास्त्रज्ञांबरोबर यावर वर्षानुवर्षं काम झालं आहे. २००९ साली सुभाष बाबू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पाय सुजलेल्या रुग्णांत फायलेरियाविरुद्ध टीएच-१ आणि टीएच-१७ दोन्ही जोरात असतात आणि नियामक पेशींची खूण कमी असते. म्हणजे आजीचं शरीर लढलं होतं. रक्त साफही झालं. पण लढाई झाली ती लसिकावाहिनीच्या आत. मेलेल्या जंताभोवती दाह, नळीची भिंत जाड, झडपा निकामी, आणि पाणी पायातच साचत गेलं.

आतड्यातल्या जंताशी तुलना करून बघा. तिथे टीएच-२ चा प्रतिसाद आला की स्राव वाढतो, अस्तराच्या पेशी भराभर बदलतात, आतडं आकुंचन पावतं आणि जंत बाहेर ढकलला जातो. त्याला जायला वाट आहे. लसिकावाहिनीतल्या जंताला वाट नाही. तिथे जोर लावला की नळीच फुटक्या पाटासारखी होते.

रात्रपाळी

मी हत्तीरोग पथकात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे, पूर्व विदर्भात. जिल्हा सांगत नाही. धागा बघून राहवलं नाही.

काचपट्टी बदलली असं आम्हाला कायम ऐकावं लागतं, म्हणून आमचं काम कसं चालतं ते सांगतो. साडेआठनंतर निघायचं. हे जंतू दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून असतात, रात्री हातापायाच्या रक्तात येतात, दहा ते दोन या वेळात सगळ्यात जास्त. म्हणून झोपेतून उठवावं लागतं आणि शिव्या खाव्या लागतात. डाव्या हाताच्या अनामिकेला टोचून, काचपट्टीवर रक्ताच्या तीन जाड रेघा. नाव, घर क्रमांक, वेळ तिथल्या तिथेच लिहायची. रात्रभर वाळवायची. सकाळी साध्या पाण्यात ठेवली की लाल रंग निघून जातो, मग जेएसबी रंग द्यायचा.

सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या दोऱ्याचा सैल वळसा दिसतो. अंगावर पातळ म्यान असतं, दोन्ही टोकांना शरीरापेक्षा लांब. आत ठिपक्यांची ओळ आणि शेपटीच्या टोकाला ठिपके नाहीत. तिथे ठिपके दिसले तर तो ब्रुजिया, हत्तीरोगाचाच दुसरा जंत, केरळातला. ताज्या थेंबात बघितला तर लालपेशींना धक्के देत वळवळतो. पंचवीस वर्षं बघतो आहे, अजूनही पहिला दिसला की मी शेजारच्याला बोलावून दाखवतो.

आणि हो, हत्तीपायाच्या म्हाताऱ्या माणसाच्या पट्टीत मला क्वचितच काही सापडतं. सापडतात ते विशीतले, कबड्डी खेळणारे पोरं. आम्हाला प्रशिक्षणात हे "असं असतं" म्हणून सांगितलं होतं. का असतं ते आज कळलं. ताई, आभारी आहे.

उन्हाळवाट

तिसरं माणूस माझ्याकडे आहे. माझा धाकटा भाऊ.

तो २३ वर्षांचा असताना त्याला रात्री खोकला सुरू झाला. दिवसा बरा, रात्री दोनला उठून बसायचा, छातीत शिट्टी वाजायची. एका दवाखान्यात दमा म्हणून पंप दिला. दुसरीकडे क्ष-किरण फोटोत बारीक ठिपके दिसले म्हणून क्षयाची औषधं सुरू झाली, थुंकीत काही नसताना. दीड वर्ष गेलं, वजन आठ किलोने उतरलं, ठरलेलं लग्न मोडलं. शेवटी एका वयस्कर डॉक्टरांनी साधा रक्ताचा अहवाल मागवला आणि इओसिनोफिलच्या आकड्यावर बोट ठेवलं. निदान निघालं ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया. डीईसी या जंत मारणाऱ्या औषधाच्या गोळ्या तीन आठवडे. पहिल्या आठवड्यातच तो रात्रभर झोपला. आई त्याच्या उशाशी जागीच बसली होती, खोकला येत नाही म्हणून घाबरून.

हेही हत्तीरोगाच्याच जंतामुळे होतं असं तेव्हा सांगितलं, आम्हाला पटलं नव्हतं. पाय सुजलेला नाही, रक्तात जंतू नाही.

धानपाखरू

उन्हाळवाट, दीड वर्ष फार असतं. भाऊ बरा आहे हे वाचून बरं वाटलं.

हे उदाहरण मी मुख्य लेखातच द्यायला हवं होतं. इथे टीएच-२ ची टोळी बेफाम सुटते. मायक्रोफायलेरिया फुप्फुसात येतात तेव्हा त्यांच्यावर आयजीई आणि इओसिनोफिल असे तुटून पडतात की एकही जंतू रक्तात पुढे जात नाही. म्हणून रात्रीची काचपट्टी कोरी येते. पण इओसिनोफिलची विषारी प्रथिनं फुप्फुसालाच जाळतात. रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये इओसिनोफिल एरवी पाचशेच्या आत असतात, या आजारात तीन हजारांच्या वर जातात. उपचार लांबले तर फुप्फुसात व्रण राहतात.

क्षयाशी गल्लत तर जुनीच आहे. १९४० साली आंध्रातल्या मदनपल्लीच्या क्षयरोग आरोग्यधामातल्या फ्रिमोट-मोलर आणि बार्टन या डॉक्टरांनी याचं वर्णनच "क्षयासारखी दिसणारी स्थिती" असं केलं होतं. ट्रॉपिकल इओसिनोफिलिया हे नाव १९४३ मध्ये वाइनगार्टेन यांनी दिलं. हत्तीरोगाच्या भागातला माणूस, रात्रीचा खोकला आणि पंपाने फरक नाही, असं असेल तर इओसिनोफिलची मोजणी मागा. स्वस्त तपासणी आहे.

जंत एकच. आजोबांकडे "पुरे" म्हणणारी टोळी वरचढ, आजीकडे टीएच-१ आणि टीएच-१७, तुमच्या भावाकडे टीएच-२.

सूक्ष्मदर्शी

लेख आवडला, पण एक हरकत नोंदवतो. लिशमानियाच्या उंदरांची गोष्ट फार गुळगुळीत आहे. मी काही वर्षं बिहारमध्ये काला-आजारावर काम केलं आहे. तिथला परजीवी लिशमानिया डोनोवानी. १९०३ साली लिशमन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे वर्णन केलेला. तो प्लीहा आणि यकृतात जातो. पोट ढोलासारखं, हातपाय काड्या, महिनोन्महिने ताप.

उंदराच्या हिशोबाने या रुग्णांत टीएच-२ दिसायला हवं. दिसत नाही. त्यांच्या रक्तात इंटरफेरॉन-गॅमा भरपूर असतं. मुझफ्फरपूरच्या रुग्णांच्या प्लीहेतल्या पेशींवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की खरा घात आयएल-१० करतं, आणि ते सोडणाऱ्यांत अशा टी-पेशीच होत्या ज्यांच्यावर नियामक पेशींची नेहमीची खूण नव्हती. म्हणजे मॅक्रोफेजला "मार" आणि "थांब" हे दोन्ही हुकूम एकाच वेळी मिळतात आणि तो गोंधळून परजीवी पोसत राहतो. विद्यार्थी टीएच-१ चांगलं, टीएच-२ वाईट असं पाठ करून येतात, मला ते दुरुस्त करताना नाकी नऊ येतात.

धानपाखरू

सूक्ष्मदर्शी, हरकत पूर्ण मान्य. उंदराची गोष्ट मी दाराशी ठेवली, घर त्याहून मोठं आहे. काला-आजारातून बऱ्या झालेल्या माणसाला त्वचेत परजीवीचा अर्क टोचला तर तिथे गाठ येते, आजार चालू असताना येत नाही. बरा झालेला माणूस सहसा पुन्हा आजारी पडत नाही. पण त्यालाच एचआयव्ही झाला आणि मदतनीस पेशी घटल्या की आजार पुन्हा पुन्हा उलटतो. मुकादम किती मोलाचा हे तिथे सगळ्यात क्रूरपणे कळतं.

तुमच्या शेवटच्या वाक्याला मात्र माझं मनापासून अनुमोदन. चांगली टोळी, वाईट टोळी असं काही नसतं. आतड्यातल्या जंतासाठी टीएच-२ तारक, फुप्फुसात तीच मारक.

सातासमुद्रापार

मी न्यू जर्सीत असते. इथे काही लोक मुद्दाम जंताची अंडी घेतात, अ‍ॅलर्जी आणि आतड्याच्या सुजेसाठी. तुमचे आजोबा "ठणठणीत" होते, मग जंत असणं चांगलंच की काय, असा विचार मनात येऊन गेला. चुकत असेन तर सांगा.

धानपाखरू

विचार चुकीचा नाही, संशोधकांनीही तो केला. "पुरे" म्हणणाऱ्या पेशी फक्त जंतापुरत्या थांबत नाहीत, शेजारचे दाहही दाबतात. ओडिशात तपासलेल्या संधिवाताच्या रुग्णांत हत्तीरोगाचा संसर्ग जवळपास आढळलाच नाही, आजूबाजूच्या निरोगी लोकांत मात्र भरपूर होता. पण डुकराच्या आतड्यातल्या व्हिपवर्म या जंताची अंडी क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या आजारात देऊन पाहिली तेव्हा मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. शिवाय दाबलेल्या प्रतिकाराची किंमत असते. जंत असलेल्या लोकांत काही लसींना मिळणारा प्रतिसाद फिका पडतो असं दिसलं आहे.

आणि आजोबा खरंच ठणठणीत होते का? ब्राझीलच्या रेसिफे शहरात डॉक्टरांनी लक्षणं नसलेल्या पुरुषांची सोनोग्राफी केली. लसिकावाहिन्यांत जिवंत जंत सतत वळवळताना पडद्यावर दिसले, त्याला ते फायलेरियाचा नाच म्हणतात. आणि त्या नळ्या फुगलेल्या होत्या. तक्रार नाही म्हणजे इजा नाही, असं नव्हे.

उलट बाजूही सांगते. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर गेलेल्या हजारो अमेरिकन सैनिकांना काही महिन्यांतच हातापायांत, अंडकोशात दुखरी सूज आली. रक्तात मायक्रोफायलेरिया जवळपास कुणाच्याच नाही. तिथल्या रहिवाशांत मात्र शांतपणे जंतू वाहणारे पुष्कळ. सैनिकांची टी-पेशी या जंताला पहिल्यांदा भेटत होती आणि भांडली. रहिवाशांची ओळख जन्माआधीची. बाधित आईच्या पोटात वाढलेल्या मुलाच्या पेशी पुढे या जंताबाबत जास्त गप्प राहतात, हे मोजून पाहिलं आहे. सैनिकांना परत नेलं आणि बहुतेकांची सूज कायमची उतरली, कारण डास थांबले.

पाणवठा

मी गावातली आशा कार्यकर्ती आहे. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायच्या दिवसांत माझं घसा सुकते बोलून बोलून. लोकं म्हणतात, "मले काही झालंच नाही, तं गोळी काहून खाऊ?" आणि ज्यांनी खाल्ली त्यातल्या एकाला ताप आला की पूर्ण मोहल्ला बंद. मागच्या वेळेस एका पोराला रात्री ताप, डोकेदुखी, अंगावर पित्त. त्याच्या बापाने माझ्या अंगावर गोळ्यांचं पाकीट फेकलं. काय सांगू त्यायले?

धानपाखरू

ताई, ज्यांच्यासाठी लिहायचं होतं त्या तुम्हीच.

त्या बापाला सांगा की गोळीने ताप आणला नाही. मरणाऱ्या जंतूंनी आणला. गोळी पोटात गेली की रक्तातली पिल्लं भराभर मरतात. त्यांच्या आत वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात, तेही एकदम रक्तात सुटतात. इतकी वर्षं गप्प बसलेलं शरीर त्या दिवशी जागं होतं. ज्याच्या रक्तात जंतू जास्त, त्याला ताप जास्त. ज्याच्या रक्तात नाहीत त्याला सहसा काहीच होत नाही. म्हणजे त्या पोराच्या अंगात बहुधा हत्तीरोगाचे जंतू होते, ताप ही त्याची खूण. असा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी पुरतं. श्वास लागला किंवा चक्कर आली तर लगेच दवाखाना.

"मले काही झालंच नाही" म्हणणाऱ्यालाच गोळीची गरज सगळ्यात जास्त, कारण डास जंतू उचलतो तो त्याच्याकडून. माझ्या आजीच्या रक्तात उचलायला काही उरलं नव्हतं. म्हणूनच डीईसी आणि अल्बेंडाझोल सगळ्या गावाला देतात. आयव्हरमेक्टिन जोडून तीन औषधं द्यायला देशात सुरुवात झाली ती मोजक्या जिल्ह्यांत, आणि त्यांत आपला नागपूर होता.

रात्रपाळी

पाणवठा ताई, एक करून बघा. तुमच्या पथकाच्या तंत्रज्ञाला सांगून एक रंगवलेली काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक शाळेत आणवा. मी एका गावात हे केलं. सरपंचांनी डोळा लावला, दोन मिनिटं हललेच नाहीत. मग स्वतः रांग लावली.

निंबोणी

आणि ज्यांचा पाय सुजलेलाच आहे? त्यांच्या रक्तात जंतू नाही, मग त्यांनी गोळी घेऊन काय होणार? सासूबाई म्हणायच्या, आता माझ्यासाठी काही नाही.

धानपाखरू

आहे, निंबोणी, आणि ते साबण-पाणी आहे. गोळीने वाढलेला पाय पूर्वीसारखा होत नाही. पण ताप येऊन पाय लाल होण्याचे जे झटके असतात, ते बहुतेक वेळा जंताचे नसतात. निचरा बंद पडलेल्या पायात बोटांच्या बेचक्यांतून, भेगांतून स्ट्रेप्टोकोकस जिवाणू शिरतात. तिथली खबर लसिकाग्रंथीतल्या टी-पेशींपर्यंत पोचवणारी वाहिनीच तुंबलेली, म्हणून साधी जखमही पेटते. प्रत्येक झटक्यानंतर पाय आणखी जाड होतो. ते झटके थांबवता येतात.

रोज रात्री कोमट नको, साधं पाणी आणि साधा साबण. सूज जिथवर चढली आहे तिथून, बहुधा गुडघ्यापासून, सुरुवात करून खाली बोटांपर्यंत यायचं, प्रत्येक बेचकीत बोट घालून. पाणी स्वच्छ निथळेपर्यंत धुवायचं. मग घासायचं नाही, मऊ कापडाने टिपायचं, बेचक्यांत कापडाची घडी सरकवून. पांढरी बुरशी दिसली तर बुरशीचं मलम. झोपताना पायाखाली उशी किंवा खाटेच्या पायथ्याशी विटा. दिवसा घोटा वरखाली हलवत राहायचं आणि अनवाणी बांधीत उतरायचं नाही.

आजीच्या शेवटच्या चार वर्षांत आई हे रोज करायची. पितळी परातीत पाय, बाजूला तांब्या, आणि आजी नऊवारी गुडघ्यापर्यंत वर घेऊन ओसरीवर, सगळ्यांच्या समोर बसलेली. त्या चार वर्षांत तिला एकदाच ताप आला.